निळा रंग गेला, पण पाणी स्वच्छ झालं का? (चांदी चढवलेला टायटॅनिया आणि रंगाईचं सांडपाणी)

निळसर

नमस्कार. मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे, चौथं वर्ष चालू आहे. अर्धवाहकाच्या नॅनोकणांवर चांदीसारखा धातू चढवायचा, ती पूड घाण पाण्यात सोडायची, वरून उजेड पाडायचा आणि पाण्यातले सेंद्रिय प्रदूषक तोडायचे, हे माझं रोजचं काम. 'उन्हात सांडपाणी शुद्ध करणारी पूड' अशी बातमी पेपरात अधूनमधून येते ना, ती याच कामाची असते.

मी मूळची इचलकरंजीची. बाबा तीस वर्षं एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, रंगमास्तर होते. रविवारी भात कालवतानासुद्धा त्यांच्या नखांच्या कडा निळ्या दिसायच्या, साबणानं जायच्या नाहीत. हा विषय घेतला तेव्हा डोळ्यांपुढे तीच नखं होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टायटॅनियम डायऑक्साइड, आम्ही नुसतं टायटॅनिया म्हणतो, ही पांढरीशुभ्र पूड. भिंतीच्या रंगात असते तीच, फक्त आमचे कण वीसेक नॅनोमीटरचे. ती पाण्यात ढवळायची, सिल्व्हर नायट्रेट आणि थोडं मिथेनॉल घालायचं आणि अतिनील दिवा लावायचा. थोड्याच वेळात ते पांढरं दूध राखाडी व्हायला लागतं, मग जांभळट. चांदीचे आयन टायटॅनियाच्या कणांवर येऊन धातूच्या रूपात बसतात. धुऊन वाळवली की पूड थेट राखुंडीसारखी दिसते. चांदी वजनानं जेमतेम 1 टक्का.

मग मिथिलीन ब्लू, लिटरला 10 मिलिग्रॅम. आधी अर्धा तास अंधारात ढवळायचं, कारण थोडा रंग नुसताच पुडीला चिकटतो आणि तो 'तुटला' म्हणून धरायचा नसतो. मग दिवा. दर पाच मिनिटांनी 3 मिली पाणी काढायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पूड खाली बसवायची आणि वरचं पाणी 664 नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतंय ते मोजायचं. नुसत्या टायटॅनियाला सव्वा तास लागायचा, चांदीवालीनं पस्तीस मिनिटांत काम उरकलं. कुप्या ओळीनं मांडल्या. पहिली शाईसारखी, मधल्या आकाशी, शेवटची नळाच्या पाण्यासारखी. त्या ओळीचा फोटो मी रात्रीच घरी पाठवला.

सकाळी शेवटची कुपी धुवायला घेतली. बूच काढलं, थोडी हलवली, आणि पाणी पुन्हा निळसर झालं.

आधी वाटलं कुप्यांची अदलाबदल झाली. तसं नव्हतं. मिथिलीन ब्लूच्या रेणूला दोन इलेक्ट्रॉन मिळाले की तो बिनरंगी होतो. त्याला ल्युको रूप म्हणतात. रेणू जागच्या जागी असतो, रंग तेवढा जातो, आणि हवा लागली की परत येतो. ग्लुकोज आणि कॉस्टिकचा 'निळी बाटली' प्रयोग कॉलेजात केलेल्यांना हे आठवेल. माझ्याकडून झालं असं की घाईत पूड न वाळवता ओलीच वापरली होती आणि मिथेनॉल नीट धुतलं गेलं नव्हतं. त्यामुळे ज्यांनी रंग जाळायचा ते 'होल' मिथेनॉलच खात बसले आणि उरलेले इलेक्ट्रॉन रंगाला मिळाले. सगळा रंग असाच गेला होता असं म्हणत नाही, पण काही भाग नक्की. पूड पाच पाण्यांनी धुतली, वाळवली, हवा सोडत प्रयोग पुन्हा केला. पस्तीस मिनिटांची पन्नास झाली. त्यानंतर टीओसी, म्हणजे पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजला. डोळ्यांना पूर्ण स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात निम्म्याहून जास्त कार्बन तसाच होता.

दिवाळीला घरी गेले तेव्हा बाबांच्या ओळखीनं एका रंगाईच्या हौदातून पाच लिटरचा कॅन भरून आणला. प्रक्रियेच्या आधीचं पाणी, नेव्ही ब्लूचं. एसटीनं पुण्याला आणलं, त्यात माझी पूड टाकली, चार तास दिवा लावला. रंगात डोळ्यांना कळेल एवढाही फरक नाही. पूड मात्र बदलली, राखाडीची मातकट झाली. बाबांना फोन केला तर म्हणाले, "अगं, त्यात मीठ आहे, सोडा आहे. तुझी चांदी तिथं काय टिकणार?"

आमच्या क्षेत्रातले ढीगभर निबंध ऊर्ध्वपातित पाणी, त्यात एकच रंग आणि शेवटी 'नव्वद टक्क्यांहून जास्त रंग गेला' एवढ्यावर थांबतात. माझाही पहिला निबंध तसाच होता. प्रयोग खोटे नसतात, पण ते उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं असतं असं मला आता वाटतं. इथे ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी साफ करणाऱ्या प्रकल्पांवर काम केलेले, रंगाईतले, साहित्य-विज्ञानातले बरेच जण आहेत, म्हणून विचारते: खरोखरच्या सांडपाण्यात या पुडीला जागा आहे का, आणि असेल तर कुठे?

करडईफूल

लेख आवडला, कुपीचा प्रसंग तर फारच. पण मी वाणिज्य शाखेची. टायटॅनिया उजेडात काम करतो, मग चांदी कशासाठी? आणि 'होल' म्हणजे काय?

निळसर

करडईफूल, सांगते. टायटॅनियातले इलेक्ट्रॉन तळमजल्यावर असतात. वर माळा आहे, मधे जिना नाही, एकदम उडीच मारावी लागते. उडीची उंची 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तेवढी ताकद 387 नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीच्या, म्हणजे अतिनील प्रकाशातच असते. इलेक्ट्रॉन वर गेला की खाली रिकामी जागा पडते, तिलाच होल म्हणतात. ती जागा इलेक्ट्रॉनची इतकी भुकेली असते की जवळच्या पाण्याकडून तो ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचे तो लचके तोडतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यातल्या ऑक्सिजनला मिळाला तर त्यापासूनही असाच एक आक्रमक भाऊ तयार होतो, सुपरऑक्साइड.

अडचण ही की वर गेलेले बहुतेक इलेक्ट्रॉन काहीही न करता परत खाली पडतात आणि उजेडाची नुसती ऊब होते. कणावर चांदीचा ठिपका असेल तर इलेक्ट्रॉन त्या ठिपक्यात जाऊन थांबतो आणि परतीची वाट अवघड होते. तेवढ्या वेळात होल आपलं काम करून घेतो. चांदीचा हा मोठा उपयोग. दुसरा असा की चांदीचे नॅनोकण 400 नॅनोमीटरच्या आसपासचा दिसणारा प्रकाश जोरात शोषतात, सोन्याचे 520 च्या आसपास, त्यामुळे उन्हाचा थोडा जास्त भाग कामाला लागतो. उन्हात अतिनील असतंच किती, जेमतेम 4-5 टक्के.

'धातूचा मुलामा' म्हटलं की भांड्याची कल्हई डोळ्यांपुढे येते. इथे तसं नाही. पूर्ण कणावर कल्हई केली तर उजेड आतच जाणार नाही. ठिपके हवेत, आणि तेही मोजके. जास्त झाले की इलेक्ट्रॉन आणि होल त्या ठिपक्यांवरच एकमेकांना भेटायला लागतात आणि वेग उलट घटतो.

योकोहामाकर

या विषयाची सुरुवात इथल्याच, जपानच्या मातीतली, म्हणून थोडी भर. टोकियो विद्यापीठात होंडा यांच्या हाताखाली शिकणाऱ्या अकिरा फुजिशिमा यांना 1967 मध्ये दिसलं की पाण्यात बुडवलेल्या टायटॅनियावर प्रकाश पाडला की पाणी फुटून वायू सुटतो. 1972 मध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आलं आणि त्यानंतर वर्षभरातच तेलाचं संकट आलं. साहजिकच सगळ्यांचं लक्ष हायड्रोजनकडे गेलं. टायटॅनियानं पाण्यातलं सायनाइड मोडता येतं हे अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड यांनी 1977 मध्ये दाखवलं.

जपाननं हे तंत्र पुढे वापरलं ते मात्र फरशांवर, काचांवर आणि इमारतींच्या बाह्य भिंतींवर. भिंतीवर धूर-तेलाचा थर पातळ असतो, रोज थोडाथोडाच बसतो आणि ऊन दिवसभर असतं. उत्प्रेरकाला घाई नाही. निळसर, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला यातच दिसतं.

जुना_रंगारी

ताई, तुमचे बाबा बरोबर बोलले. मी सोलापुरात टॉवेलच्या रंगाईत होतो, आता घरी असतो. सुती मालाला रिअॅक्टिव्ह रंग बसवायचा तर लिटरला 40 ते 80 ग्रॅम मीठ नाहीतर ग्लॉबर (सोडियम सल्फेट) लागतं. गडद शेड असली की वरच्या अंगाला. त्यावर सोडा अॅश. एवढं करूनही घातलेला सगळा रंग सुताला धरत नाही, वीस-तीस टक्के पाण्यातच राहतो. तो पुढं धुण्यात निघतो. नेव्ही, ब्लॅक, मरून यांचं धुणं संपता संपत नाही. तुमच्या कॅनमध्ये हे सगळं, शिवाय सूत आधी सायझिंग केलेलं असेल तर खळ, वर साबण. एका रंगाचं पाणी तुम्हाला हौदात कधीच मिळणार नाही.

दुसरं, रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं नाही, हे आम्ही रोज बघत होतो. माल बिघडला की रंग उतरवायला हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, मारतात. हायड्रो आणि कॉस्टिक, तापवून. बघता बघता गडद लाल पाणी फिकट पिवळं होतं. एका ठिकाणी हौदाचा रंग कमी दिसावा म्हणून सांडपाण्यातच हायड्रो टाकताना मी पाहिलंय. तपासणीला येणारा माणूस आधी रंग बघतो ना. पण त्या पाण्याचा वास नाकात बसायचा आणि माझ्या हाताला पुरळ यायचं. त्यात काय असतं ते कुणीतरी सांगा, मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

निळसर

काका, तुम्ही लिहिलंत ते माझ्या प्रबंधात असायला हवं होतं.

बहुतेक रिअॅक्टिव्ह रंग अॅझो जातीचे असतात. रेणूच्या मधोमध दोन नायट्रोजनचा पूल असतो आणि रंग त्या पुलामुळे दिसतो. हायड्रो तो पूल कापतं. दोन्ही तुकडे पाण्यातच राहतात आणि ते अॅरोमॅटिक अमाइन असतात. यातली काही अमाइन कर्करोगकारक आहेत. म्हणून तर 1990 च्या दशकात जर्मनीनं आणि पाठोपाठ भारतानं अशा अमाइन सोडणाऱ्या रंगांवर बंदी आणली. सगळे तुकडे तितके वाईट नसतात, पण बिनरंगी असतात, म्हणून नजरेतून सुटतात. वास मात्र बहुधा हायड्रोच्याच गंधकाचा. पुरळ कशामुळे आलं ते मी इथून सांगणं बरोबर नाही. अजूनही येत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि काय हाताळत होतात ते सगळं सांगा.

मीठ आणि सोडा काय करतात तेही सांगते. सोड्यामुळे पाण्यात कार्बोनेट येतं आणि ते हायड्रॉक्सिल रॅडिकल गिळतं. त्यातून दुसरा रॅडिकल बनतो, पण तो मवाळ. पाणी अल्कधर्मी असलं की टायटॅनियाच्या पृष्ठभागावर ऋण भार येतो. रिअॅक्टिव्ह रंगावरही ऋणच, म्हणजे रंग पुडीजवळ फिरकतच नाही. माझा लाडका मिथिलीन ब्लू धन भाराचा, तो आपणहून येऊन चिकटतो. परीक्षेला मी सोपा पेपर निवडला होता. आणि मिठातलं क्लोराइड चांदीला सिल्व्हर क्लोराइड करून टाकतं. मातकट झालेल्या पुडीचं उत्तर मला त्यात दिसतं.

हौद_आणि_हिशोब

वीस वर्षं ईटीपी उभारतो आहे. तरुण संशोधक पूड घेऊन येतात तेव्हा मी त्यांना एकच गणित करून दाखवतो, ते इथेही मांडतो.

दुपारच्या चांगल्या उन्हात चौरस मीटरवर अतिनील साधारण 40 वॅट धरू. 365 नॅनोमीटरच्या एक मोल फोटॉनांत सुमारे 328 किलोज्यूल ऊर्जा असते. म्हणजे चौरस मीटरला तासाला 0.44 मोल फोटॉन. शंभरातला एक कामी आला असं धरा. गडद पाण्यात उजेड काही मिलिमीटरच्या पुढे जात नाही, त्यामुळे मी उदारपणेच धरतोय. उरले 4.4 मिलिमोल.

आता पाणी. सीओडी 1000 म्हणजे एका लिटरमधली घाण जाळायला 1000 मिलिग्रॅम ऑक्सिजन, 31 मिलिमोल. दर रेणूला चार इलेक्ट्रॉन, दर इलेक्ट्रॉनला एक फोटॉन, म्हणजे 125 मिलिमोल. भागाकार करा: एका लिटरला, एका चौरस मीटरवर, दुपारचं ऊन 28 तास.

छोट्या रंगाईचं दिवसाला 1 लाख लिटर पाणी आणि कामाचं ऊन सहा तास धरलं तर जागा लागते साधारण 115 एकर. सगळी घाण नको जाळायला, नियमाप्रमाणे 250 वर आणायची म्हटलं तरी 85 एकर. इचलकरंजीत एवढी जागा असलेला रंगाईवाला मला दाखवा.

चांदीचंही बघा. लिटरला 1 ग्रॅम पूड म्हणजे लाख लिटरला 100 किलो. 1 टक्का चांदी म्हणजे हौदात एका वेळी 1 किलो चांदी, आणि ती पूड 20 नॅनोमीटरची. ती परत पकडायची कशी? आमच्या गाळणीच्या कापडातून सहज आरपार जाईल.

जिवाणू हेच काम हवा फुंकून करतात. वीज खातात, पण पूड महाग आणि जागा 115 एकर असं त्यांचं नसतं.

फोटॉन_वेचक

गणित बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला अपुरा वाटतो. मीही याच क्षेत्रात आहे, सध्या पोस्टडॉक करतो.

पहिलं म्हणजे, कच्चं रंगाईचं पाणी प्रकाश-उत्प्रेरकानं साफ करावं असं जाणकार म्हणतच नाहीत. आपल्या मुंबईच्या यूडीसीटीतून, म्हणजे आजच्या आयसीटीतून, 2002 मध्ये भाटखंडे, पांगरकर आणि बीनाकर्स यांचा प्रकाश-उत्प्रेरणावरचा आढावा आला, 2004 मध्ये गोगटे आणि पंडित यांचा सांडपाण्याच्या ऑक्सिडेशन पद्धतींवरचा. दोन्ही जगभर वाचले गेले. या पद्धती जिवाणूंच्या जोडीला वापरायच्या हा विचार तेव्हापासूनचा आहे.

दुसरं, तुमच्याच गणितात आकडा बदला. जिवाणूंच्या टाकीतून बाहेर पडलेल्या पाण्यात डायक्लोफिनॅकसारखं औषध नाहीतर एखादं प्रतिजैविक लिटरला मिलिग्रॅमच्या घरात उरलंय असं समजा. घाण हजारपट कमी, म्हणजे जागाही हजारावा हिस्सा. 115 एकरांचे साडेचार-पाच गुंठे होतात. इतक्या विरळ पाण्यात फोटॉन जास्त वाया जातात हे कबूल, तरी पंधरा-वीस गुंठे धरा. ती जागा कारखान्याच्या आवारात मिळते. स्पेनमध्ये अल्मेरियाच्या सौर केंद्रात 1990 च्या दशकापासून आरशांच्या पन्हाळ्यांत काचेच्या नळ्या ठेवून नेमक्या अशा पाण्यावर काम चाललंय, कीटकनाशकांच्या पाण्यावर विशेष.

तिसरं, चांदी बाहेरच ठेवली पाहिजे असं नाही. मुंबई विद्यापीठातून पीएच.डी. केलेले आणि अमेरिकेत नोट्रडॅम विद्यापीठात असलेले प्रशांत कामत यांनी हिराकावा यांच्याबरोबर 2005 मध्ये उलटी रचना दाखवली होती: आत चांदीचा गाभा, वर टायटॅनियाचं कवच. चांदी इलेक्ट्रॉन साठवते, पण पाण्याला उघडी पडत नाही. क्लोराइडवर हा एक उतारा. पूड पकडण्यासाठी लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडवर आधी सिलिकाचा आणि मग टायटॅनियाचा थर देतात, म्हणजे लोहचुंबकानं गोळा करता येते. मधला सिलिका वगळला तर उजेडात लोखंड विरघळायला लागतं, म्हणून तो महत्त्वाचा.

निळसर, सोपा रंग घेऊन मोजमाप करण्यात चूक नाही. दोन पुडींची तुलना करायची तर समान मैदान लागतंच. मिथिलीन ब्लूवर तर आयएसओचं 2010 मध्ये आलेलं प्रमाणही आहे.

निळसर

तुलनेपुरतं मान्य. पण आयएसओचं ते प्रमाण पृष्ठभागावरच्या थरांची क्रियाशीलता मोजायला आहे, सांडपाणी साफ झाल्याचा दाखला म्हणून नाही. माझा राग तिथेच आहे. तुलनेचं माप घेऊन आपण शेवटच्या परिच्छेदात 'कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी आशादायक' असं लिहितो आणि त्या वाक्याच्या जोरावर अनुदान मागतो. मीही ते लिहिलंय. पुढच्या निबंधात रंगाच्या आलेखाशेजारी टीओसीचा आलेख नसेल तर तो पाठवायचा नाही असं मी ठरवलंय, आणि मीठ-सोडा घातलेल्या पाण्यातला एक प्रयोग तरी हवाच.

शुद्ध टायटॅनियाशी तुलना करताना अजून एक गोष्ट लोक विसरतात. रंग स्वतःच दिसणारा प्रकाश शोषून टायटॅनियाला इलेक्ट्रॉन देऊ शकतो आणि त्यात स्वतः मोडतो. मग 'आमची पूड दिसणाऱ्या प्रकाशात चालते' असा दावा होतो, खरं तर चाललेला असतो रंग. म्हणून बिनरंगी रेणू, फिनॉल किंवा एखादं औषध, घेऊनही दाखवायला हवं.

हौद_आणि_हिशोब, तुमचं गणित मी वहीत उतरवून घेतलंय, आकडे तुमच्याच नावानं. फोटॉन_वेचक, गुंठ्यांचा हिशोबही त्याच पानावर.

नदीकाठ

शिरोळ तालुक्यातून लिहितोय. पंचगंगेत मासे मरून वर येतात तेव्हा आमच्याकडे नदीवर जाववत नाही. म्हणून साधा प्रश्न: ही चांदीची पूड नदीत आली तर? रंगापेक्षा ती वाईट ठरणार नाही ना?

निळसर

प्रश्न अगदी रास्त आहे. टायटॅनिया पाण्यात विरघळत नाही, पण त्याचे कण उजेडात नदीतही तेच काम करत राहतील, शेवाळ आणि जिवाणू यांच्यावर. चांदीचं जास्त जपायला हवं. विरघळलेले चांदीचे आयन मासे आणि पाण्यातल्या बारीक जिवांना फार थोड्या प्रमाणातही घातक असतात. शिवाय चांदी जंतू मारते म्हणून आपण तिचं कौतुक करतो, पण सांडपाण्याच्या टाकीतले कष्टाळू जिवाणू हेही तिच्या दृष्टीनं जंतूच. पूड जिवाणूंच्या टाकीआधी वापरली आणि गळाली, तर चालू असलेलं काम बंद पडेल.

म्हणून माझं मत आता पक्कं होत चाललंय: मोकळी पूड हौदात सोडायचीच नाही. काचेवर नाहीतर सिरॅमिकच्या मण्यांवर पक्की बसवायची आणि वरून पाणी वाहू द्यायचं. वेग निम्म्याहूनही कमी होतो, कारण पाणी आणि पूड यांची भेट कमी होते. तो तोटा सोसायचा. आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात चांदी किती आहे ते दर वेळी मोजायचं.

डोंगरशाळा

मी भोर तालुक्यात आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. हा प्रयोग मुलांना दाखवता येईल का? आमच्याकडे चांदी नाही, दिवा नाही. ऊन भरपूर.

निळसर

सर, नक्की येईल. झिंक ऑक्साइड घ्या, तेही टायटॅनियासारखंच उन्हात काम करतं. मिथिलीन ब्लू इतका विरळ करा की बाटलीपलीकडची छापील अक्षरं वाचता आली पाहिजेत. एकसारख्या काचेच्या बाटल्या घ्या. पहिलीत रंग आणि पूड, उन्हात. दुसरीत नुसता रंग, उन्हात. तिसरीत रंग आणि पूड, काळ्या कागदात गुंडाळून. तिन्ही मधूनमधून हलवत राहा. दुसरी आणि तिसरी बाटली कधीच वगळू नका, पहिलीनं काय केलं ते त्यांच्याशिवाय कळत नाही. हातमोजे घाला, पूड हवेत उडू देऊ नका, आणि शेवटी ते पाणी मोरीत ओतू नका. पूड बसू द्या, कापडातून गाळून वेगळी ठेवा.

डोंगरशाळा

पंधरा दिवसांनी लिहितोय, मधे पावसाळी हवा होती. परवा कडक ऊन पडलं, प्रयोग केला.

पहिली बाटली दुपारच्या सुट्टीपर्यंत फिकट आणि शाळा सुटेपर्यंत जवळजवळ पांढरी झाली. दुसरी थोडीशी फिकट. काळ्या कागदातली होती तशीच. मुलं खूश झाली.

नववीतल्या एका मुलीनं मला न विचारता चौथी बाटली केली होती. रंगात पाणी गाळायच्या यंत्रातला कोळसा कुटून घातला आणि सावलीतच ठेवली. ती सगळ्यांच्या आधी स्वच्छ झाली. ती म्हणाली, "सर, मग कोळसाच बरा की, ऊन पण लागत नाही." मला लगेच उत्तर देता आलं नाही. तुमची कुपी आठवली. तिला म्हटलं, तो कोळसा गाळून घे आणि थोड्या स्पिरिटमध्ये हलव. स्पिरिट निळं झालं. सगळा वर्ग बाटलीभोवती गोळा झाला.

आता तिचा पुढचा प्रश्न आहे, पहिल्या बाटलीतली पूडही स्पिरिटमध्ये हलवून बघायची का. उद्या बघणार आहोत. ती पूड अजून ओली आहे, आधी वाळवावी का?

निळसर

वाळवू नका सर, ओलीच घ्या, वाळवताना रंग आणखी घट्ट बसू शकतो. आणि काळ्या कागदातल्या बाटलीतली पूडही तशीच स्पिरिटमध्ये हलवा, दोन्ही शेजारी ठेवून. मुलीला सांगा, आधी अंदाज वहीत लिही आणि मग बूच उघड. काय झालं ते इथे जरूर कळवा.